सात नंबरचा खलाशी

पहिली एसटी सुटायला दहा मिनिटं उरली होती आणि दाजींचा पत्ता नव्हता. रत्नागिरीच्या स्टँडवर मी घावन्यांचा डबा सांभाळत उभी होते आणि मनातल्या मनात त्यांना झापायची वाक्यं जुळवत होते. दाजी मयेकर म्हणजे वेळेआधी अर्धा तास येऊन वर "बाई, उशीर केलात" असं मलाच ऐकवणारा माणूस. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज नुसता उकळत होता. "बाई, सापडला! सात नंबर सापडला!" मी म्हटलं, "कोण आहे तो? सांगा तरी." तर हसले. "फोनवर नाय. उद्या पहिल्या गाडीने शेवंतीबाईंकडे जायचं, तिथे त्यांच्यासमोरच सांगणार. आणि एक... मी तुमच्यावर रागावलोय. जरासाच. का ते गाडीत सांगतो." मी काय केलं असेल याचा विचार करूनही मला काही सुचत नव्हतं, आणि आता हा माणूसच गायब. तेवढ्यात फोन वाजला. दाजींची सून, स्मिता. खांद्याला पिशवी अडकवून ते चपला घालायला वाकले आणि तिथेच कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आमची एसटी माझ्यासमोरून निघाली. कंडक्टरने ओळखीने विचारलं, "बाई, आज मयेकर दिसत नाहीत?"

पाच आठवडे झाले त्याला. दाजींवर लिहायला बसलं की डोळे भरून येतात हे खरंच, पण त्याहून खरं सांगायचं तर अंगात पुन्हा तोच उत्साह संचारतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी लोणची घालत आणि नातवंडांची वाट बघत बसले असते. या माणसाने मला सहा वर्षं एका शोधकामाला जुंपलं, आणि इतकी धमाल मी उभ्या आयुष्यात केली नव्हती.

दाजी एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूम सांभाळायचे. तीस वर्षं लोकांची दप्तरं बांधली आणि सोडली. त्यांच्या घरी बैठकीच्या खोलीत एक फोटो होता: महायुद्धातल्या एका बोटीच्या डेकवर ओळीने बसलेले आणि उभे असलेले अकरा खलाशी. ही विमानदलाची बचाव बोट. लढाईतलं विमान समुद्रात कोसळलं की आतल्या माणसांना पाण्यातून उचलून आणायचं, हे तिचं काम. बोटीवरचे अधिकारी गोरे, पण डेकवर राबणारी माणसं आपल्या किनाऱ्यावरची. दाजींचे वडील त्यांचे तांडेल होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. फोटोच्या मागे एकही नाव नव्हतं. दाजी लहान असताना वडील कधीतरी फोटोवर बोट ठेवून सांगायचे, हा अमका, हा तमका. पण मागच्या रांगेतल्या एका पोरसवदा खलाशावर आले की ते बोट उचलायचे आणि पुढच्यावर ठेवायचे. दाजींनी विचारलं तर म्हणायचे, "त्याचं नको विचारू." ते वाक्य दाजींच्या मनात पन्नास वर्षं रुतून बसलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी फोटोवर एक ट्रेसिंग पेपर लावला, प्रत्येक डोक्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढली आणि आत नंबर घातले. एक ते अकरा. मग नियम केला. नुसता अंदाज असेल तर नाव पेन्सिलीने. पुरावा मिळाला की शाईने. आणि शाईने लिहायचं ते दाजींनी नाही, तर त्या खलाशाच्या घरच्या माणसाने, स्वतःच्या हाताने. त्यासाठी त्यांच्या पिशवीत कायम तीन वस्तू असायच्या: भिंग, शाईचं पेन आणि स्टॅम्प पॅड. "लिहिता न येणारे पण भेटतात, बाई. त्यांनी काय करायचं?" जुन्या कचेरीतला माणूस, त्याला अंगठ्याची किंमत माहीत.

माझ्याकडे ते आले ते इंग्रजीसाठी. बोटीवर काम केलेल्यांची सेवापत्रकं विलायतेतल्या दप्तरात आहेत असं त्यांना कुठून तरी कळलं होतं. घरच्या वारसाने अर्ज केला की त्याची प्रत मिळते, पण अर्ज इंग्रजीत, उत्तर इंग्रजीत, आणि पत्रकं त्या काळच्या कारकुनांच्या तिरप्या लफ्फेदार अक्षरात. पहिल्याच पत्रावरून आमचं भांडण झालं. मला दोन ओळींत विनंती करायची होती, त्यांना सुरुवातीला आपल्या घराण्याची माहिती द्यायची होती. "दाजी, त्यांना तुमच्या आजोबांचं नाव कशाला हवंय?" "हवंय म्हणून नाय, आपण कोण ते सांगायला नको? भिकारी आहोत काय?" शेवटी आजोबा पत्रात राहिले, आणि सहा आठवड्यांनी उत्तर आलं तेव्हा तिथल्या कारकुनाने आजोबांचाही आदराने उल्लेख केला होता. त्या दिवशी दाजी माझ्या घरापासून मारुती मंदिरापर्यंत भेटेल त्याला ती ओळ ऐकवत गेले. पुढचे तीन दिवस मला मान वर करायची सोय उरली नाही.

मग मात्र एकेक खलाशी सापडायला लागला. संगमेश्वरला एका घरात आजोबांची टोपी तांदळाच्या कणगीत सापडली, तिच्यात त्यांचा भरतीचा नंबर टाकलेला! दापोलीला एक प्राध्यापक भेटले, त्यांना आपले आजोबा बोटीवर होते हेच माहीत नव्हतं. त्यांचं पत्रक वाचून दाखवताना ते विद्यार्थ्यासारखे हात बांधून उभे राहिले. दरवेळी दाजी ट्रेसिंग पेपर उलगडायचे, पेन पुढे करायचे आणि समोरचा लिहीत असताना श्वास रोखून उभे राहायचे. परतीच्या एसटीत मात्र त्यांना गप्प बसवत नसे. हातवारे करून पूर्ण गाडीला गोष्ट सांगायचे. अशाच एका प्रवासात त्यांनी मला त्यांच्या चुलत्याची गोष्ट सांगितली होती. आमच्याकडे खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकाला ‘नळी’ म्हणतात. बोटीवर चढायचं ते नळीच्या जोरावर. पण जायच्या दिवशी थोरला भाऊ तापाने फणफणला तर त्याची नळी घेऊन धाकटा जायचा. बोटीवर सगळे त्याला थोरल्याच्या नावाने हाक मारायचे, तो ओ द्यायचा, परत आला की नळी पुन्हा फळीवर. किनाऱ्यावर यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. दाजींचा चुलता म्हणे दोन वर्षं असा राहून आला, तर घरी त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली की वळूनही बघेना. आम्ही दोघं खो खो हसलो होतो. हसून सोडून दिलं, हीच आमची चूक.

शेवंतीबाई आम्हाला शोधत आल्या. आल्या म्हणजे, निरोप धाडला. खाडीपलीकडच्या वाडीत राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या. आम्ही गेलो तेव्हा त्या घरापुढच्या खळ्यात पाय पसरून कुळीथ पाखडत बसल्या होत्या. त्यांचे वडील गणू त्या सहा महिन्यांच्या असताना घरातून गेले ते परत आले नाहीत. तेव्हा लढाई चालू होती. गावात बोललं जायचं की बायको-पोरीला टाकून मुंबईला पळाला. गणूचा सख्खा थोरला भाऊ धोंडू, त्यानेही लोकांना हेच सांगितलं. आईने उभा जन्म खाली मानेने काढला आणि शेवंतीबाई ‘पळपुट्याची पोर’ म्हणून वाढल्या. बोलता बोलता त्यांनी डावा पाय पुढे केला. त्याची दुसरी आणि तिसरी बोटं चामडीने एकमेकांना जोडलेली होती. "लग्नात ह्या पायात जोडवा चडंना. सासू बोलली, हिच्या पायातच खोट हाय. बाप पलाला, हीपन पलंल. साठ वरसां झाली, खंय गेलंय मी? हितंच हाय." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "दाजी, तुमी बोटीवरच्या मान्सांचा शोद लावतांव. माजा बापूस खराच पलाला काय, येवडाच बगा. मी मरायच्या आदी."

दाजींनी शब्द दिला. आणि तिथून आमचं तारू रुतलं. एव्हाना फोटोतल्या दहा जणांची नावं शाईत आली होती, फक्त सात नंबर रिकामा होता, तोच तो मागच्या रांगेतला पोरगा. तो गणू असावा असं दाजींना फार वाटायचं. पण विलायतेहून उत्तर आलं की या नावाचा कोणीही माणूस कधीच भरती झालेला नाही. त्या बोटीची रोजनिशी मिळाली होती. तिच्यात एका दिवशीच्या बचावकामात एक देशी खलाशी बुडाल्याची नोंद होती, पण नाव नव्हतं. खलाशांच्या यादीत त्या वाडीतलं एकच नाव सापडलं: धोंडू. थोरला भाऊ! त्याचा नातू रुपेश मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याने वारस म्हणून अर्जावर सही केली आणि धोंडूचं सेवापत्रक माझ्या मेलवर आलं.

मी ते वाचलं, तोंडी अर्थ सांगितला. नाव धोंडू, वडिलांचं नाव, गाव, हुद्दा, आणि शेवटी बचावकामात बेपत्ता, बुडाल्याचं गृहीत. तारीख रोजनिशीतलीच. दाजी ताडकन उठले. "हा बुडाला? अहो बाई, धोंडू बिछान्यात वारला. मी त्याच्या बाराव्याला जेवलोय!" आम्ही दोघांनी मोठ्या शहाणपणाने ठरवलं की कारकुनाने कुणाचा तरी कागद धोंडूच्या नावावर चढवला. दाजींकडे एक ‘चुकीचे’ म्हणून फाइल होती, त्यात ते पत्रक गेलं. दोन वर्षं तिथेच पडलं. त्या दोन वर्षांत शेवंतीबाई दरवेळी विचारायच्या, "लागला काय पत्ता?" आणि दाजी दरवेळी "शोधतोय" म्हणून चहाच्या कपात बघायचे. मला ते बघवत नसे. मी त्यांना म्हटलंही, दाजी, सांगून टाका त्यांना की नाव कुठेच नाही. तर म्हणाले, "म्हणजे तो पळाला, असं शिक्क्यानिशी सांगू? आपण दोघांनी मिळून?"

दाजींचे दिवस झाल्यावर स्मिताने मला बोलावलं. "बाई, बाबांच्या टेबलाला आम्ही हात लावलेला नाही. तुम्हीच बघा." टेबलावर ‘चुकीचे’ फाइल उघडी होती. धोंडूचं पत्रक, त्याच्यावर भिंग, बाजूला नातीची शाळेतली इंग्रजी डिक्शनरी आणि त्यांची वही. मी वही उघडली. या माणसाने, ज्याच्यावर मी ‘तुम्हाला इंग्रजी येत नाही, मध्ये बोलू नका’ असं शंभरदा डाफरले होते, त्याने ते अख्खं पत्रक अक्षर अक्षर लावून वाचलं होतं. पान भरून शब्द आणि त्यांचे अर्थ. आणि एका रकान्याखाली लाल रेघ. शरीरावरच्या ओळखीच्या खुणा. मी तो रकाना वाचलाच नव्हता. नाव आणि मृत्यू कळल्यावर अंगावरचे तीळ-डाग कशाला वाचायचे म्हणून खुशाल ओलांडून गेले होते. तिथे लिहिलं होतं: डाव्या पायाची दुसरी व तिसरी बोटे जोडलेली. खाली सहीच्या जागी अंगठा.

वहीत पुढे दाजींच्या टपोऱ्या अक्षरात होतं: "रुपेशला विचारले. धोंडूचे पाय सरळ, बोटे सुटी. चौथी पास, सही करीत असे. मग हा अंगठा कोणाचा? नळी धोंडूची, माणूस गणू!!" उद्गारचिन्हं दोन. त्यांच्या खाली: "शेवंतीबाईंचे जोडवे." आणि सगळ्यात शेवटी: "बाईंनी हा रकाना वाचला नाही. उद्या गाडीत रागावणे. जरासे." मी हसले आणि हसता हसता हुंदका फुटला. स्मिता पाणी घेऊन धावत आली, तर मी तिलाच खांद्याला धरून हलवत ओरडत होते, "सापडला गं! सात नंबर सापडला!" तिला वाटलं असणार, म्हातारीचं डोकं फिरलं.

दुसऱ्याच दिवशी रुपेशला गाठलं. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा नारळी पौर्णिमेला कधी किनाऱ्यावर येत नसत, बाई. सगळा गाव नारळ घेऊन दर्यावर, आणि हे दार लावून उपाशी आत. आम्हाला वाटायचं, काहीतरी नवस असेल." उलगडायला फार अक्कल लागत नव्हती. भरती व्हायच्या दिवशी थोरला आजारी, धाकटा त्याची नळी घेऊन गेला; लढाईचं सरकारी काम, म्हणून दोघांनी घरातही कुणाला सांगितलं नसणार. मग धोंडूच्याच घरी धोंडू मेल्याची तार आली असणार. जिवंत माणसाच्या हातात त्याच्याच मरणाचा कागद. खरं सांगावं तर सरकारला फसवलं म्हणून तुरुंग, ही भीती. घाबरून एकदा ‘पळाला’ म्हणून सांगितलं ते सांगितलं, पुढे ते मागे घ्यायची हिंमत त्याला झाली नाही. आणि दाजींच्या वडिलांना, बोटीच्या तांडेलाला, हे सगळं ठाऊक होतं. म्हणून फोटोतल्या सात नंबरपाशी आले की ते बोट उचलायचे.

मी, रुपेश आणि दाजींची पिशवी, तीच पहिली एसटी पकडून गेलो. शेवंतीबाई खळ्यातच होत्या. दाजी गेल्याचं त्यांना कळलं होतं. मला बघून म्हणाल्या, "आता कोन शोदनार, बाय?" मी म्हटलं, "त्यांनीच शोधलंय. ऐका." आणि मी रोजनिशीतली ती नोंद मराठीत वाचली. या खेपेला एकही शब्द गाळला नाही. समुद्र खवळलेला होता. विमान पाण्यात पडलं होतं. एक खलाशी कमरेला दोर बांधून दोनदा उतरला आणि दोन वैमानिक घेऊन आला. तिसऱ्यासाठी उतरला तेव्हा दोर तुटला... मग मी पत्रकावरची पायाची खूण वाचली आणि नळीची गोष्ट सांगितली.

शेवंतीबाईंनी लुगड्याखालून डावा पाय बाहेर काढला. त्या दोन बोटांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ह्यो पाय पलनाऱ्याचा नाय."

"नाही," मी म्हटलं.

रुपेश पुढे झाला आणि त्याने त्या पायावर डोकं ठेवलं. "आत्ये, आमच्या म्हाताऱ्याला माफ कर गो." वाटलं, आता शेवंतीबाई कडाडतील. ऐंशी वर्षांचा हिशेब होता. पण त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. "काका वरसाचा पयला आंबा आयेच्या दारात ठेवायचा नि बोलल्याबिगर जायचा. आमी म्हनायचो, गर्वान फुगलाय..." एवढं बोलून त्या रडल्या. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. रडून झाल्यावर पदराने तोंड पुसलं आणि मोठ्याने शेजारणीला हाक मारली, "गो शारदे! हिकडं ये. माजा बापूस सापडला!" शारदा आली, तिच्या मागून तिची सून, मग पलीकडचे दोघे. प्रत्येकाला ती नोंद मी पुन्हा वाचून दाखवली. चार वेळा. चारही वेळा शेवंतीबाई पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या पुढे सरकून बसल्या, आणि दोर तुटतो तिथे दरवेळी त्यांचा हात पायाकडे गेला.

मग मी ट्रेसिंग पेपर उलगडला. नियमाप्रमाणे पेन पुढे केलं. शेवंतीबाईंना सही येते, साक्षरता वर्गात त्या शिकल्या आणि त्याचा त्यांना अभिमानही आहे. पेन हातात घेतलं, सात नंबरच्या रिकाम्या डोक्याकडे बघितलं आणि परत माझ्याकडे दिलं. "त्या कागदावर माज्या बापसाचा अंगठाच हाय न्हवं? मंग मीपन अंगठाच देतंय." मी दाजींच्या पिशवीतून स्टॅम्प पॅड काढलं. झाकण उघडलं तर पॅड ओलं होतं. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी त्यात नवी शाई घालून ठेवली होती.

आता तो फोटो पुन्हा दाजींच्या टेबलावर आहे. स्मिताने तिथून काही हलवलेलं नाही, डिक्शनरीसुद्धा. मी आठवड्यातून एकदा जाऊन बसते. दहा डोक्यांत दहा नावं आहेत आणि सातव्यात एका म्हाताऱ्या बोटाच्या बारीक निळ्या रेषा. ठसा जरासा आखलेल्या रेघेबाहेर गेलाय. दाजींनी हे लगेच बघितलं असतं आणि मला सुनावलं असतं, "बाई, नीट धरायचा होता कागद." मग भिंग लावून पुन्हा बघितलं असतं आणि म्हणाले असते, "जाऊ दे, पक्क्या शाईत आहे ना."